तोंडाचा सोशिकपणा

(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘तोंड सांभाळावे’ असे आपण म्हणतो ते बहुधा बोलण्याविषयी. मला आज सांगावयाचे आहे ते मात्र तोंडाच्या आतील मऊ, ओलसर, गुलाबी अस्तराविषयी. हे अस्तर जन्मभर परक्या वस्तूंच्या सहवासात राहते आणि तरीही सहसा कुरकुर करीत नाही. ते असे शांत कसे राहते, ही शांतता कोण राखतो आणि तिचा आपण गैरफायदा घेऊ लागलो म्हणजे काय होते, या तीन गोष्टींचा विचार आपण क्रमाने करू.

शेतात काम करताना बोटात काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी बोट सुजते, लाल होते आणि ठणकू लागते. परके काही आत शिरले हे शरीराच्या प्रतिकारसंस्थेने ओळखले आणि तिने आपले सैन्य त्या जागी धाडले, याची ती खूण होय. आता तोंडाकडे पाहा. सकाळी कडुनिंबाची काडी किंवा दंतमंजन, मग चहा, दुपारी चिन्नोरचा भात आणि अंबाडीची भाजी, रात्री भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाताचे प्रत्येक शीत, भाजीचे प्रत्येक पान हे दुसऱ्या कोणा सजीवाच्या शरीराचा भाग असते. त्यातील प्रथिने आपल्या शरीराला सर्वस्वी परकी असतात. काट्याला जो न्याय लावला तोच या घासांना लावला असता, तर आपले तोंड दर जेवणानंतर सुजून बसले असते आणि माणसाला अन्नच शत्रू झाले असते.

शिवाय तोंडात कायमचे बिऱ्हाडकरू आहेत ते वेगळेच. माणसांच्या तोंडांत आजवर जंतूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. एका मिलिलिटर लाळेत दहा कोटींच्या आसपास जंतू असतात. एवढ्या मोठ्या वस्तीला बाहेर ठेवणारी भिंत म्हणाल, तर ती केवळ काही थर पेशींची. हिरड्या आणि टाळू यांवर तिचा वरचा थर थोडा टणक असतो. गालांच्या आतील बाजूस आणि जिभेखाली तो मऊ आणि नाजूक असतो. चावताना गाल दाताखाली येतो, पापडाचा काठ टाळूला लागतो, गरम चहाने जीभ पोळते. तरीही बहुतेक जखमा चार-सहा दिवसांत वण न ठेवता भरून येतात. तोंडाचे अस्तर हे कातडीपेक्षा किती तरी लवकर नवे होत असते.

ही शांतता कशी टिकते, ते आता पाहू.

पहिला वाटा लाळेचा आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती घास भिजविते, हे आपण जाणतोच. परंतु तिच्यात जंतूंचे कवच फोडणारे लायसोझाइम नावाचे द्रव्यही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या शोधाच्या आधी, १९२२ साली, या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली होती. लाळेत ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडेही असतात. जंतूंना चिकटून त्यांना अस्तरावर पाय रोवू न देणे आणि गिळल्या जाणाऱ्या लाळेबरोबर वाटेस लावणे, हे त्यांचे काम. विशेष असे की, ही प्रतिपिंडे हे काम सूज न आणता करतात. घरात आलेल्या आगंतुकाला आरडाओरडा न करता दारापर्यंत पोहोचवून यावे, तसा हा प्रकार आहे. तान्ह्या बाळाला ही प्रतिपिंडे आईच्या दुधातून मिळतात.

दुसरा वाटा अस्तरात बसलेल्या पहारेकऱ्यांचा. १८६८ साली बर्लिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या पॉल लँगरहान्स या तरुणाला मानवी त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या काही पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असे त्याला वाटले. पुढे शंभर वर्षांनंतर त्या प्रतिकारसंस्थेच्या पेशी असल्याचे उमगले. १९७३ साली न्यूयॉर्क येथे राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी अशाच शाखायुक्त पेशींचे वर्णन केले, आणि त्या कार्यासाठी स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोंडाच्या अस्तरात अशा पेशी जागोजाग बसलेल्या असतात. त्या आपल्या फांद्या पेशींच्या फटींतून पसरून बाहेरून आलेल्या वस्तूंचे कण टिपतात आणि ते घेऊन मानेतील लसीका ग्रंथींकडे जातात. तेथे त्या लढाऊ पांढऱ्या पेशींपुढे ते कण ठेवतात. ‘हा पाहा पाहुणा, याचे काय करावयाचे ते ठरवा,’ असेच जणू त्या म्हणत असतात.

निर्णय कसा होतो, हा खरा प्रश्न आहे. आणलेल्या कणाबरोबर धोक्याची खूण असेल, म्हणजे पेशी फुटलेल्या असतील किंवा जंतू आत घुसले असतील, तर लढाईचा हुकूम सुटतो. तशी खूण नसेल, तर तोंडातील पहारेकरी बहुधा शांततेचे दूत-पदार्थ सोडतात. त्यांतील एकाचे नाव टीजीएफ-बीटा. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. पुढे आपणास त्याची वेगळ्या संदर्भात गाठ पडणार आहे. या दूताच्या प्रभावाने काही पांढऱ्या पेशी लढाऊ न होता ‘नियामक’ होतात. आपल्याच सैन्यातील उतावळ्यांचा हात धरणे, हे त्यांचे काम.

या नियामक पेशींचा शोध ही विज्ञानातील एक चिकाटीची कथा आहे. लढाऊ पेशींचे पहिले शिक्षण छातीच्या पोकळीत, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर धावून जाईल, तिला तेथेच बाद करतात. एवढ्याने काम भागते, असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. जपानमधील शिमोन साकागुची यांना ते पटले नव्हते. लढाऊ पेशींना आवरणाऱ्या पेशींचा एक वेगळा वर्ग अस्तित्वात आहे, हे त्यांनी १९९५ साली दाखविले. अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल हे दोघे एका विशिष्ट जातीच्या आजारी उंदरांचा अभ्यास करीत होते. त्या उंदरांची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडत असे. एका जनुकातील दोषामुळे हे घडते, असे त्यांना २००१ साली आढळले. त्या जनुकाचे नाव फॉक्सपी-३. त्याच जनुकात दोष असलेली मुले फार लहानपणी गंभीर आजारी पडतात, हेही त्यांनी दाखविले. दोन वर्षांनी, २००३ साली, हेच जनुक नियामक पेशींना घडविते हे साकागुची आणि इतर संशोधकांनी सिद्ध केले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शरीरातील शांतता ही आपोआप होणारी गोष्ट नसून ती राखावी लागते, हा या संशोधनाचा इत्यर्थ होय.

शांतता शिकता येते आणि त्या शिक्षणाची पहिली पायरी तोंड आहे, याची काही उदाहरणे मोठी उद्बोधक आहेत. १९११ साली एच. गिडियन वेल्स या अमेरिकन संशोधकाने गिनीपिगांवर प्रयोग केले. कोंबडीच्या अंड्यातील प्रथिन या प्राण्यांना पुन्हा पुन्हा टोचले, तर त्यांना प्राणघातक झटका येई. परंतु तेच प्रथिन आधी खाण्यातून दिलेले असेल, तर असा झटका येत नसे. तोंडावाटे आलेल्याशी ओळख होते आणि सुईवाटे आलेल्याशी वैर होते, असा हा भेद आहे. या शिक्षणातील मोठा भाग पुढे आतड्यांत होतो, हे खरे. पण ओळख होते ती तोंडात.

दुसरे उदाहरण कान टोचण्याचे. निकेल या धातूच्या स्वस्त डुलांनी पुष्कळ बायकांच्या कानांच्या पाळ्या चिघळतात, हे आपण पाहतो. १९९१ साली युरोपातील काही त्वचारोग चिकित्सालयांतील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी कान टोचण्यापूर्वी दात सरळ करण्याच्या तारा तोंडात वागविल्या होत्या, त्यांच्यात निकेलची ही ॲलर्जी कमी आढळली. त्या तारांत निकेल असते. म्हणजे तोच धातू आधी तोंडात भेटला तर शरीर त्याच्याशी पुष्कळदा जुळवून घेते, आणि आधी टोचलेल्या कातडीतून भेटला तर भांडण मांडते. कोणती भेट आधी होते, याला एवढे महत्त्व आहे.

तिसरे उदाहरण आपल्या भुईमुगाचे. विलायतेत शेंगदाण्याची ॲलर्जी ही मोठी चिंतेची बाब आहे. दाण्याच्या कणानेही तेथील काही मुलांचा श्वास कोंडतो. त्यामुळे लहान मुलांना दाणे देऊच नयेत, असा सल्ला तेथे दीर्घकाळ देण्यात येई. लंडनमधील डॉक्टरांनी ॲलर्जीचा धोका अधिक असलेली ६४० तान्ही मुले निवडली. त्यांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून दाण्याचे पदार्थ नियमित दिले, आणि उरलेल्यांना पाच वर्षांपर्यंत दिलेच नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. न खाणाऱ्यांपैकी शेकडा सतरा मुलांना ॲलर्जी झाली, आणि खाणाऱ्यांपैकी शेकडा तीन मुलांना. जपण्याच्या हेतूने तोंडापासून दूर ठेवलेली वस्तूच वैरी ठरली. अर्थात तान्ह्या मुलाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ज्या मुलाला आधीच ॲलर्जी आहे, त्याच्यावर असा प्रयोग घरी करू नये. याच तत्त्वावर आज परागकण आणि घरातील धुळीतील सूक्ष्म किडे यांच्या ॲलर्जीवर जिभेखाली ठेवण्याचे थेंब आणि गोळ्या डॉक्टर देतात.

ही शांतता अभंग असते, असे मात्र नाही. दात आणि हिरडी यांच्या फटीत अन्नकण आणि जंतूंचा थर साचत राहिला, तर हिरडीतील सैनिक कायमचे चिडलेले राहतात आणि त्या धुमश्चक्रीत दाताभोवतीचे हाडच झिजते. दात हलतात ते पुष्कळदा जंतूंइतकेच आपल्याच सैन्याच्या अतिरेकामुळे. तोंड येते, तेव्हाही बारीक व्रणांच्या जागी आपल्याच पेशी अस्तरावर उलटलेल्या असतात. सहिष्णुता ही तारेवरची कसरत आहे. जरा तोल गेला की ती ढळते.

श्रोतेहो, येथवर आपण तोंडाच्या सोशिकपणाचे कौतुक केले. परंतु मी ज्या गावात शिकवितो, तेथे या विषयाला दुसरी बाजू आहे. उकवा हे बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जंगलाच्या कुशीतील गाव. येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी अशा चारही भाषा येथील बाजारात कानांवर पडतात. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पण सवयींना राज्याची सीमा नसते. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत ज्याला खर्रा म्हणतात, तो पन्नीत घोटलेला सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा मेळ खाणकामगाराच्या खिशात असतो, ट्रकचालकाच्या असतो, आणि दुःखाने सांगावे लागते की, कधी कधी शाळकरी मुलाच्याही असतो. बायका दातांना मशेरी किंवा गुडाखू लावतात, तोही तंबाखूच. स्फोटके हाताळताना विडी पेटविता येत नाही, पण गालफडात गोळी धरून काम करता येते. त्यामुळे पाळी संपेपर्यंत ती गोळी तेथेच असते.

त्यांना हटकले म्हणजे एक उत्तर हमखास मिळते: ‘गुरुजी, पहिल्यांदा त्रास झाला, आता काही होत नाही. तोंडाला सवय झाली.’ हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नाही. पहिल्या दिवशी चुन्याने गाल भाजतो, चक्कर येते. महिन्याभरात दोन्ही थांबतात. पण ही सवय मज्जातंतूंची आणि मेंदूची आहे. तिचा अर्थ तंबाखू निरुपद्रवी झाली, असा नव्हे. मग थोडे अधिक शिकलेला एखादा असाही युक्तिवाद करतो की, तोंड जर भाताला, दाण्याला, धातूलाही सोसावयास शिकते, तर ते खर्ऱ्यालाही शिकेल. या युक्तिवादाचे उत्तर देणे, हाच आजच्या भाषणाचा मुख्य हेतू आहे.

प्रतिकारसंस्थेची सहिष्णुता म्हणजे न लढण्याचा निर्णय. ते चिलखत नव्हे. निरुपद्रवी वस्तूशी लढू नये, एवढेच ती ठरविते. अपायकारक वस्तूचा अपाय ती थांबवू शकत नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये अस्तराच्या पेशीत शिरून तिच्या जनुकांवर घाव घालतात. तेथे सहिष्णुतेचा प्रश्नच येत नाही. तो रासायनिक आघात आहे. निखारा हातात धरण्याची कोणी कितीही सवय केली, तरी कातडी जळावयाची थांबत नाही.

सुपारीची कथा तर अधिक विचार करण्यासारखी आहे; कारण सुपारीला आपण निष्पाप समजतो. ती पूजेत असते, पानदानात असते, आणि जेवणानंतर मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवताना कोणाला काही वाटत नाही. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांतील एका चमत्कारिक विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच विकार भारतातील रुग्णांत असल्याचे लिहिले. भारतातून आलेले ते पहिले वर्णन होय. या विकारात प्रथम तिखट झोंबू लागते. मग अस्तराचा गुलाबी रंग जाऊन ते संगमरवरासारखे पांढुरके होते. पुढे गालांत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे लागतात आणि तोंड उघडेनासे होते. सुपारी चघळणे हे त्याचे मुख्य कारण आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे.

आता मघाच्या टीजीएफ-बीटाची आठवण करा. निरोगी अस्तरात हाच दूत शांतता राखतो, जखम भरून येण्यासही मदत करतो. सुपारीतील अरेकोलिन नावाचे द्रव्य अस्तराच्या पेशींना डिवचीत राहिले, म्हणजे त्या हाच दूत गरजेपेक्षा जास्त आणि अखंड सोडू लागतात. त्याचा हुकूम मानून अस्तराखालच्या पेशी धागे विणीतच राहतात. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. त्यामुळे हे धागे एकमेकांत गुंफले जाऊन असे पक्के होतात की, शरीराला ते सहजासहजी तोडता येत नाहीत. जखम नसलेल्या जागी जखम भरण्याचे काम वर्षानुवर्षे चालू राहते आणि मऊ अस्तराचा दोरखंड होतो. तोंडाला सोशिक ठेवणारा जो दूत, त्यालाच आपण त्याच्या मर्यादेपलीकडे राबविले, तर तोच तोंड बंद करतो.

आमच्याकडे नाताळात करंज्या होतात. गेल्या नाताळात एक माजी विद्यार्थी भेटीस आला. वय पंचविशीच्या आतले, खाणीत नुकतीच नोकरी लागलेली. करंजी हातात घेऊन तो तिचे लहान लहान तुकडे करी आणि एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवी. माझ्या पत्नीने विचारले, ‘काय रे, गोड नाही का झाली?’ तो हसला. पण हसताना त्याचे ओठ तेवढे हलले, जबडा हलला नाही. शाळेत असताना हा मुलगा प्रार्थना सांगावयास सर्वांत पुढे असे. त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत असे.

हा विकार केवळ तोंड उघडण्याच्या अडचणीपुरता राहत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळातील अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. त्यांचा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला, त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखूवाचूनही, माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत निःसंदिग्धपणे गणले.

कर्करोगाच्या बाबतीत तर तोंडाची सहिष्णुता शत्रूच्याच उपयोगी पडते. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते; ती आपलीच, पण बिघडलेली असते. ती वाढताना आपल्याभोवती नियामक पेशी गोळा करते. लढाऊ पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो. तो नेमका ओढून धरण्याची युक्तीही ती साधते. पाहुण्यांसाठी राखलेली शांतता चोराच्या कामी येते, असा हा प्रकार आहे. हा लगाम जपानचे तासुकु होंजो यांनी १९९२ साली शोधला. तशाच दुसऱ्या लगामावर अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी काम केले. त्या दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सैल करणारी औषधे आता निघाली आहेत, परंतु ती अतिशय महाग आहेत.

येथे आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव आदराने घ्यावयास हवे. १९४१ साली परळ येथे उघडलेल्या या रुग्णालयातील डॉक्टरांनी असा विचार केला की, हे औषध फार थोड्या मात्रेतही उपयोगी पडते का, ते पाहावे. डोके आणि मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांबरोबर निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या मात्रेच्या हे एक दशांशाहूनही कमी होते. वर्षअखेर नुसत्या स्वस्त औषधांच्या गटात शेकडा सोळा रुग्ण जिवंत होते, आणि या गटात शेकडा त्रेचाळीस. गरीब देशातील रुग्णाच्या खिशाचा विचार करून केलेले हे संशोधन जगाने वाखाणले. तरीही शेकडा त्रेचाळीस म्हणजे निम्म्याहून कमी, हे आपण विसरता कामा नये. एवढ्या पुढच्या टप्प्यापर्यंत रोगाला जाऊ न देणे, हेच श्रेयस्कर.

आणि ते साधणे आवाक्यातले आहे. तोंड हा असा अवयव आहे की, त्याच्या आत पाहावयास यंत्र लागत नाही. आरसा आणि उजेड पुरतो. महिन्यातून एकदा दिवसाच्या उजेडात आरशापुढे उभे राहावे. गालांची आतली बाजू, हिरड्या, जीभ वर उचलून तिच्या खालची जागा आणि तिच्या कडा नीट पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला, गाठ लागली, नेहमीचे तिखट झोंबू लागले, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. प्रारंभी बहुधा दुखत नाहीच. आपल्याच हाताची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तर डॉक्टरांकडे अवश्य जावे. केरळात १९९६ पासून आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

कायद्यानेही आपले काम थोडेफार केले आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर मध्यप्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने बंदी घातली. परंतु त्यानंतर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी विक्री सुरू झाली, आणि दोन्ही एकत्र करण्याचे काम गिऱ्हाइकाच्या तळहाताकडे आले. कायद्याचा हात तळहातापर्यंत पोहोचत नाही; तेथे घरातील वडीलधाऱ्यांनी आणि शिक्षकांनीच पोहोचावयास हवे. ‘एक गोड सुपारी दे रे’ असे म्हणून मुलाला दुकानावर पाठविणे आपण थांबविले, तरी आरंभ झाला.

जे आज खातात, त्यांच्याविषयी मला एवढेच म्हणावयाचे आहे की, त्यांना हिणवू नये. अंधारात, धुळीत, पाठ मोडेपर्यंत काम करणाऱ्या माणसाला ती गोळी भूक विसरावयास लावते, जागे ठेवते, हे आपण ध्यानात घ्यावे. पण त्याला हेही सांगावे की, सोडल्याचा लाभ कोणत्याही वयात होतो. तोंड पूर्ण आवळण्यापूर्वी सुपारी सुटली, तर पुढील ऱ्हास पुष्कळ अंशी रोखता येतो. अस्तराला नवे होण्याची उपजत शक्ती आहे. तिला केवळ उसंत हवी असते.

आपण घरात सोशिक माणसाला गृहीत धरतो. तो बोलत नाही, म्हणून त्याला काही होत नाही, असे समजतो. तोंडाच्या बाबतीत आपण हेच करीत आलो. ते भातालाही सोसते, मिरचीलाही सोसते, कोट्यवधी जंतूंनाही सोसते. हा त्याचा गुण आहे, आणि त्या गुणावरच आपले जेवण आणि आपले जगणे चालले आहे. त्या गुणाची परीक्षा मात्र पाहू नये. आज रात्री जेवणानंतर आरशासमोर क्षणभर तोंड उघडून पाहा, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी पाहावयास सांगा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.